काच आणि कड

मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास कोणत्याही पोहण्याच्या तलावाच्या दाराशी उभे राहावे. आतून पोरांचा थवा बाहेर पडतो. केस ओले, ओठ थंडीने किंचित निळसर, खांद्यावर टॉवेल, पोटात कडकडीत भूक. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांभोवती एकेक तांबूस कडे. घुबडाच्या पिलांची शाळाच सुटली की काय, असे वाटावे! घरी पोचून पोह्यांची बशी हाती पडेपर्यंत बहुतेकांची ही कडी पुसून जातात. काहींची जात नाहीत. ती दुसऱ्या दिवशीही राहतात, खाजतात, सोलतात, हळूहळू काळी पडतात, आणि मग एके दिवशी आई निकाल देऊन टाकते, “पुरे झाले ते पोहणे!”

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, तहनामे आणि वंशावळी उभ्या राहतात. माझी आवड जरा हलक्या प्रतीची आहे. चमचा, बटण, छत्री, सुई असल्या वस्तू माणसाच्या घरात केव्हा आणि कोणत्या वाटेने शिरल्या, हे धुंडाळण्यात माझे बरेच रविवार गेले आहेत. पोहण्याचा गॉगल ही त्याच पंगतीतली वस्तू. तिची कथा वरवर पाहता काचेची आहे. खरी ती कडेची आहे. काच कशी करावी हे माणसाला फार पूर्वीच उमगले होते. ती काच चेहऱ्यावर अशी बसवायची की पाणी आत येऊ नये आणि कातडीही दुखावू नये, हे कोडे मात्र शंभर वर्षे सुटता सुटत नव्हते. आणि या शंभर वर्षांत कडेचा जो जो प्रयोग झाला, त्याचा जमाखर्च डोळ्यांभोवतीच्या कातडीवर लिहिला गेला.

मुळात माणसाला पाण्यात नीट दिसत का नाही, हे आधी पाहू. प्रकाश हवेतून डोळ्यात शिरतो तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापाशी तो वळतो. चित्र नेमके पाडण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो. परंतु हा पडदा आणि पाणी ही दोन्ही प्रकाशाच्या लेखी जवळजवळ एकाच जातीची. डोळा पाण्यात बुडाला की ते वळण नाहीसे होते आणि सगळे जग धुक्यात गेल्यासारखे दिसते. विहिरीच्या तळाशी टाकलेला पैसा वर काढून आणणारी आपली खेड्यातली पोरे डोळे उघडे ठेवून बुडतात खरी; पण ती पैसा पाहतात त्यापेक्षा चकाकी पाहतात, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. थायलंड आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगत, अंदमानच्या समुद्रात, मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक राहतात. त्यांची मुले समुद्रात बुडी मारून हाताने शिंपले आणि कालवे गोळा करतात. आना गिसलेन या स्वीडिश संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की, या मुलांना पाण्याखाली युरोपातल्या मुलांच्या दुपटीहून अधिक स्पष्ट दिसते. ती मुले पाण्यात डोळ्याची बाहुली अगदी बारीक करतात, आपण सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करतो त्याच्याही पुढची तऱ्हा. पुढे स्वीडनमधल्या मुलांनाही सरावाने ही विद्या काही अंशी साधली. पण ज्यांचे बालपण समुद्रावर गेले नाही त्यांना दुसरा उपाय एकच: डोळ्यापुढे चिमूटभर हवा कोंडून ठेवणे.

ती हवा कोंडायची म्हणजे काचेभोवती कड हवी. ती कड टेकणार कुठे? पापणीच्या आणि डोळ्याखालच्या कातडीवर. म्हणजे सगळ्या अंगावरच्या सर्वांत पातळ कातडीवर. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नाही, रक्तवाहिन्या अगदी वरवर आहेत. तळहाताला जे खपते ते तिला खपत नाही. एखाद्या किल्ल्याचा बुरूज भुसभुशीत जमिनीवर उभारावा तसा हा प्रकार आहे.

चौदाव्या शतकातला मुसाफिर इब्न बतूता याने आपल्या प्रवासवर्णनात इराणी आखातातल्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची हकिगत दिली आहे. कासवाच्या कवचाचे आच्छादन ते तोंडावर घेत आणि त्याच कवचाचा चिमटा करून नाकाला लावीत. पण गॉगल या नावाला शोभेल अशी वस्तू हाताशी येते ती जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर. तिथल्या इतोमान या कोळ्यांच्या गावी १८८४ च्या सुमारास यासुतारो तामागुसुकू नावाच्या गृहस्थाने लाकडाचा गॉगल तयार केला. किनाऱ्यावर वाढणाऱ्या एका हलक्या लाकडाच्या झाडाच्या दोन वाट्या कोरायच्या, त्यांत काच बसवायची, दोऱ्याने जोडायच्या. त्याला तिकडे ‘मिकागान’ म्हणतात. म्हणजे जवळजवळ ‘डोळ्यांचा आरसा’. यातली मौज अशी की लाकूड काही दबत नाही. चेहऱ्याने लाकडाशी जुळवून घ्यावे हे शक्य नाही. म्हणून लाकडालाच चेहऱ्याशी जुळवून घ्यावे लागे. ज्याचा गॉगल त्याच्याच भुवईच्या आणि गालाच्या उंचसखलपणाप्रमाणे कड कोरून घासायची. एकाचा गॉगल दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता तिथून थेट युरोपात जाऊ. कारण यानंतरचा अध्याय इंग्लिश खाडीच्या गार पाण्यात घडला. कॅप्टन मॅथ्यू वेब याने ऑगस्ट १८७५ मध्ये ही खाडी प्रथम पोहून पार केली. त्याला २१ तास ४५ मिनिटे लागली. अंगाला त्याने शिंशुक माशाचे तेल चोपडले होते. डोळ्यांवर मात्र काही नव्हते. तो छातीवरचे पोहणे पोहत असे, म्हणजे बेडकासारखे; डोके बहुतेक वेळ पाण्याबाहेर. त्यानंतर ३६ वर्षे कित्येकांनी प्रयत्न केले आणि कित्येक गारठून परतले. १९११ साली थॉमस बर्जेस या इंग्रजाने, अनेकदा अपयश पचवून, ही खाडी २२ तास ३५ मिनिटांत पार केली. त्याने डोळ्यांना मोटारसायकलवाल्यांचा गॉगल लावला होता. तो काही पाणबंद नव्हता. पण बर्जेसही डोके वर ठेवूनच पोहणारा. त्याला खाऱ्या पाण्याचे फवारे चुकवायचे होते, पाण्यात डोळे बुडवायचे नव्हते. मोटारसायकलवरच्या धुळीसाठी केलेल्या वस्तूने समुद्राचे शिंतोडे अडवले, एवढ्यावर त्याचे भागले.

गेरट्रूड एडर्ल या अमेरिकन मुलीचे मात्र एवढ्यावर भागण्यासारखे नव्हते. ती पोहत असे ‘क्रॉल’, म्हणजे हात आळीपाळीने पुढे टाकीत, तोंड पाण्यात ठेवून. १९२५ साली तिचा पहिला प्रयत्न फसला. १९२६ साली ती पुन्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर आली तेव्हा तिला शिकवायला कोण होते? तोच बर्जेस! तिनेही मोटारसायकलच्या धर्तीचाच गॉगल घेतला. पण त्याच्या कडा मेणाने बुजवून तो पाणबंद करून घेतला. अंगावर लोकरीची चरबी, व्हॅसलिन, ऑलिव्हचे तेल यांचे थर थापले. आणि ६ ऑगस्ट १९२६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने साडेचौदा तासांच्या आसपास ही खाडी पार केली. तिच्या आधी पाच पुरुषांनी ती ओलांडली होती. त्या पाचांतल्या सर्वांत वेगवानाला तिने सुमारे दोन तासांनी मागे टाकले. वर्तमानपत्रांनी तिच्या धैर्याचे पोवाडे गायिले, आणि ते योग्यच झाले. माझ्यासारख्या वस्तूवेड्या माणसाचे लक्ष मात्र त्या मेणाकडे जाते. घट्ट आवळून जे साधले नसते ते मऊ मेणाने फट भरून साधले. ओकिनावाच्या कोळ्याने लाकूड कोरून जे केले तेच या मुलीने मेण वितळवून केले.

खाडीत पोहणारे पाण्याच्या पाठीवर राहत. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरच्या हौशी मंडळींना पाण्याच्या पोटात डोकवायचे होते. गाय गिलपॅट्रिक नावाचा एक अमेरिकन लेखक तिथे राहत असे. त्याने जुना वैमानिकाचा गॉगल घेतला, त्याची भोके पुट्टीने बुजवली, वरून रंग दिला आणि समुद्रात शिरून माशांच्या मागे लागला. १९३८ साली त्याने या छंदावर एक खुमासदार पुस्तकच लिहिले. १९३६ साली तूलाँजवळच्या ले मुरियाँच्या किनाऱ्यावर झाक कूस्तो या फ्रेंच नौदलातल्या तरुण अधिकाऱ्याने फेर्नेझ बनावटीचा रबरी गॉगल लावून पाण्यात डोके घातले, आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने त्या जगाला वाहिले. एका गॉगलने माणसाचे आयुष्य कसे फिरते याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पण खोल जाणाऱ्यांना लवकरच एक धडा मिळाला. पाण्यात दहा मीटर उतरले की दाब पृष्ठावरच्या दुप्पट होतो. गॉगलमध्ये कोंडलेली हवा तेवढीच; तिला भर घालण्याची सोय नाही. मग ती आकसते, आणि तुंबडी लावावी तसे डोळ्याभोवतीचे मांस आत ओढले जाते. बारीक रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून पाणबुड्यांनी नाकासकट चेहरा झाकणारा मुखवटा पत्करला. नाकातून थोडी हवा सोडली की आतला दाब सावरता येतो. गॉगल राहिला तो वरवर पोहणारांकडे. तरीही तुंबडीचा हा गुण त्याच्या अंगातून गेला नाही. आपण पट्टा ताणून बांधतो, वर गॉगलच्या वाट्या बोटांनी दाबून आतली हवा काढून टाकतो, आणि तासाभराने डोळ्यांभोवती लाल-निळी कडी उमटतात. ती त्याच तुंबडीची धाकटी भावंडे.

इथपर्यंतची तक्रार दाबाची होती. दाबाची खूण निमूटपणे येते आणि निमूटपणे जाते. दुसरी तक्रार रसायनाची, आणि तिच्यासाठी आपल्याला रबराच्या कारखान्यात शिरले पाहिजे.

झाडाच्या चिकातून निघालेले रबर उन्हात पाघळते आणि थंडीत कडक होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाला गंधक आणि आच यांनी ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पण या कामाला वेळ फार लागे. १९०६ साली जॉर्ज ओएनस्लेगर या रसायनज्ञाने वेळ वाचवणारी द्रव्ये शोधली. त्यांतले एक थायोयुरिया या कुळातले होते. गंधकाला घाई करायला लावणारी ही द्रव्ये रबराच्या धंद्याला वरदान ठरली. पुढे १९३० साली ड्यूपाँ कंपनीत, वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत, निओप्रीन हे कृत्रिम रबर जन्माला आले. त्याला तेलाची बाधा कमी, उन्हाची बाधा कमी. त्यात हवेचे बुडबुडे भरले की मऊ, काळा, उबदार स्पंज तयार होतो. पाणबुड्यांचे अंगरखे त्याचे झाले आणि गॉगलच्या कडेलाही हाच काळा स्पंज चिकटवला गेला. लाकडापुढे, नुसत्या रबरापुढे तो म्हणजे गादी! फक्त हा स्पंज पिकवतानाही त्या थायोयुरिया कुळातलीच द्रव्ये वापरीत, आणि त्यांचा अंश स्पंजात मागे राही.

याच सुमारास गॉगल तलावात शिरला. आज खरे वाटणार नाही, पण पोहण्याच्या स्पर्धांत बराच काळ कोणी गॉगल लावीत नसे. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पोहणारांचा घाम आणि, सांगायला संकोच वाटतो, पण मूत्र, यांच्याशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन नावाची द्रव्ये होतात; तलावाचा तो ओळखीचा वास आणि डोळ्यांची चुणचुण ही त्यांचीच करणी. त्यामुळे सराव किती करायचा हे दमावर नव्हे, डोळ्यांवर ठरत असे. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत डेव्हिड विल्की हा स्कॉटिश तरुण गॉगल लावून उतरला. मोठ्या स्पर्धेत असे करणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी तो एक. १९७२ साली म्युनिकला मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदके मिळवली ती उघड्या डोळ्यांनी आणि भरघोस मिशांनी. चारच वर्षांनी, १९७६ साली, माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये गॉगल रूढ झाला होता, आणि विल्कीने तिथे २०० मीटरमध्ये सुवर्णपदक घेतले.

डोळ्यांची अडचण सुटली तसा सराव वाढला. दिवसाकाठी अर्धा तास पाण्यात राहणारी मुले दोन-दोन, चार-चार तास राहू लागली. म्हणजे डोळे वाचले आणि त्यांचे देणे कातडीच्या खात्यावर पडले! तासन् तास दबलेली, ओली, क्लोरीनच्या पाण्यात मुरलेली पातळ कातडी, आणि तिला खेटून तो काळा स्पंज. १९७० च्या पुढे आणि विशेषतः १९८० च्या दशकात गॉगलमुळे उठणाऱ्या पुरळाच्या हकिगती त्वचारोगांच्या नियतकालिकांतून दिसू लागल्या, त्यात नवल नाही. हे पुरळ दाबाच्या खुणेसारखे नसते. ते पोहून झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. खाजते, सुजते, पाणी धरते, मग खपली होऊन सोलते. शरीराने एका द्रव्याशी वैर धरलेले असते, आणि ते वैर पुष्कळदा आयुष्यभराचे असते.

याहून भयंकर वाटणारी तिसरी तक्रार आहे. तिच्याविषयी आपल्या घरांतून फार हळू आवाजात बोलले जाते, म्हणून मी ती मुद्दाम मोठ्याने सांगतो. १९३९ साली अमेरिकेतल्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या मजुरांच्या हातांवर पांढरे चट्टे पडल्याची नोंद झाली. ते रबरी हातमोजे घालीत. रबर लवकर म्हातारे होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोन जातीचे एक द्रव्य घातलेले होते. त्याने रबराचे तारुण्य राखले आणि मजुरांच्या कातडीतला रंग मारला. १९८४ साली त्याच तऱ्हेचे पांढरे चट्टे, पोहण्याच्या गॉगलने डोळ्यांभोवती आलेले, एका नियतकालिकात वर्णिले गेले. लिहिणाऱ्याने त्यांना रॅकून या अमेरिकन प्राण्याच्या डोळ्यांभोवतीच्या पट्ट्यांची उपमा दिली. रंग तेवढा उलटा.

आपल्या वाचक भगिनींना हे परके वाटायला नको. कपाळावरच्या चिकट टिकलीने पडणारा पांढरा डाग पुष्कळींनी पाहिला असेल. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचा माग काढला तेव्हा दोष टिकलीच्या मागच्या चिकटद्रव्यातल्या फिनॉल जातीच्या एका पदार्थाकडे गेला. रबरी चपलांच्या पट्ट्याखाली, पावलावर नेमके इंग्रजी ‘व्ही’ अक्षर उमटावे तसे डाग पडतात, तेही याच कुळातले. निओप्रीन चिकटवण्याच्या सरसातही तो फिनॉलचा पदार्थ सापडतो. म्हणजे आईच्या कपाळावरची टिकली आणि मुलीच्या डोळ्यांवरचा गॉगल यांचे दूरचे नाते लागते!

हे नाते माझ्या घरातच एकदा उभे राहिले. माझी एक पुतणी चौदा वर्षांची असताना शाळेच्या स्पर्धांसाठी रोज दोन तास पोहत असे. तिच्या डोळ्यांभोवती आधी खाज, मग पुरळ, आणि पुरळ ओसरल्यावर फिकट, जवळजवळ पांढरे कडे राहिले. घरात कुजबूज सुरू झाली. “कोड तर नसेल?” हा शब्द प्रथम कोणी उच्चारला ते शेवटपर्यंत कळले नाही, पण तो उच्चारला गेल्यावर घरातला उजेडच कमी झाला. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तिचे पोहणे मी बंदच करते. उद्या तिला स्थळे पाहायची वेळ येईल तेव्हा लोक काय म्हणतील?” पोरीने ते दाराआडून ऐकले असावे. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “काका, पोहणे बंद केले तर हे जाईल का? तसे असेल तर मी करते बंद.” एवढ्या लहान वयात इतके शहाणे व्हावे लागणे मला काही बरे वाटले नाही.

आम्ही तिला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गॉगल मागून घेतला आणि तिला तो तिथेच लावायला सांगितला. पांढरे कडे आणि काळी कड यांचा आकार तंतोतंत जुळला. “वस्तूचा आकार रोगाने उचललेला दिसला की आधी वस्तूला पकडायचे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पाठीवर चिकटपट्ट्यांची परीक्षा केली. तिला ‘पॅच टेस्ट’ म्हणतात. योझेफ यादासोन या जर्मन वैद्याने १८९५ साली ग्राट्स येथील परिषदेत ती प्रथम मांडली. संशयित द्रव्याचे कण पाठीवर बांधून ठेवायचे, दोन दिवसांनी पट्टी काढून पाहायचे, पुन्हा एकदोन दिवसांनी पाहायचे. एवढ्या साध्या युक्तीला सव्वाशे वर्षे झाली तरी तिची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नाही. रबराच्या द्रव्यांच्या एका ठिपक्याखाली आणि त्या काळ्या स्पंजाच्या तुकड्याखाली पुरळ उठले. बाकी पाठ स्वच्छ होती.

गॉगल बदलला. काळ्या स्पंजाच्या जागी पारदर्शक सिलिकोनची कड आली. खाज दोनतीन आठवड्यांत गेली. रंग परतायला वर्ष लागले, आणि तोही पुरता परतला नाही. डाव्या डोळ्याखाली चंद्रकोरीएवढी एक फिकट खूण राहिली. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच बजावले होते: असा डाग कधी भरतो, कधी थोडा भरतो, कधी मुळीच भरत नाही; म्हणून वेळ न घालवता कारण शोधावे. पोरीने पोहणे मात्र सोडले नाही. घरातल्यांनीही यातून जे शिकायचे ते शिकून घेतले. अंगावर पांढरा डाग असणे हा कोणाचाही गुन्हा नव्हे, मग तो गॉगलने आलेला असो वा आपोआप आलेला. पण कारण बाहेरचे असेल तर ते वेळीच दूर करण्यात शहाणपण असते.

आता थोडे व्यवहाराचे. दिवाळी अंकात औषधोपचार सांगू नयेत असा संकेत आहे. पण गॉगलचा इतिहास वाचूनही त्याचा उपयोग करायचा नाही, हे मला पटत नाही. नवा गॉगल घेताना पट्टा डोक्यामागे न घालता नुसत्या वाट्या डोळ्यांवर हलकेच टेकवून पाहाव्यात. क्षणभर त्या आपोआप चिकटून राहिल्या तर माप जुळले. राहिल्या नाहीत, तर पट्टा कितीही आवळला तरी पाणी येणारच. फक्त भुवईवरची शीर दबून डोके तेवढे दुखेल. पोहून झाल्यावर तोंड आणि गॉगल दोन्ही साध्या पाण्याने धुवावीत. गॉगल सावलीत वाळवावा. उन्हासाठी चोपडलेले मलम कडेखाली आले तर तेही चुणचुणते. कातडीला तुपाचा अथवा व्हॅसलिनचा हात पोहून झाल्यावर लावावा, आधी लावू नये; तेलकट कातडीवर कड ठरत नाही, आणि अस्सल रबर तेलातुपाने सैल पडते. आपल्याकडचे शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, आणि एडर्लने अंगाला थापलेली लोकरीची चरबी, ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत: पाण्याने रुक्ष झालेल्या कातडीवर स्निग्ध पांघरूण घालणे. मात्र खाजरे पुरळ उठले असेल तर गॉगल बाजूला ठेवावा, आणि आठवड्यात ते निवळले नाही, रंग बदलू लागला किंवा डोळाच लाल झाला, तर वैद्य गाठावा. शेजारणीच्या कपाटातली स्टिरॉइडची मलमे डोळ्यांभोवती परस्पर चोळू नयेत. त्यांनी पापणीची आधीच पातळ असलेली कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्याच्या आतला दाबही वाढू शकतो. आपल्या सावळ्या वर्णाला आणखी एक खोड आहे: पुरळ गेले तरी त्याची काळी सावली काही महिने रेंगाळते. ती घासून जात नाही. वाट पाहून जाते.

कडेच्या इतिहासाचा शेवटचा टप्पा मोठा गमतीचा आहे. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये एक गॉगल निघाला. तो आजही पट्टीचे पोहणारे वापरतात. त्याला स्पंज नाही, रबराची कड नाही, काही नाही. कडक प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, एक रबरी पट्टा आणि नाकावर बांधायला थोडासा दोरा, एवढे सामान सुटे मिळते. ते आपले आपण जुळवायचे. दोरा आपल्या नाकाच्या मापाने बांधायचा. वाटी डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर टेकते. काहींना तो टोचतो आणि ते पुन्हा सिलिकोनच्या मऊ कडेकडे वळतात. काहींना तो असा बसतो की दुसरा नको वाटतो. शंभर वर्षांत मेण झाले, पुट्टी झाली, रबर झाले, स्पंज झाला. आणि अखेर फिरून आपण आलो ते इतोमानच्या त्या कोळ्यापाशी, जो लाकडाची कड आपल्या चेहऱ्यावर लावून पाहायचा, काढून थोडी घासायचा, आणि पुन्हा लावून पाहायचा.

२७ सप्टेंबर १९५८ रोजी मिहिर सेन यांनी आणि पुढच्याच वर्षी २९ सप्टेंबरला आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा आपल्या देशाला मोठा अभिमान वाटला. २०१८ साली पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात कठीण सामुद्रधुन्या पुऱ्या केल्या. असे करणारे ते पहिले आशियाई. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात तेव्हा लहान लहान मुले समुद्रात झेपावताना दिसतात. पांगाऱ्याचा ओंडका नाही तर भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून विहिरीत ढकलल्या जाणाऱ्या पिढीची ही नातवंडे. त्यांना पाण्याखालचे जग स्वच्छ दिसते, हे त्यांच्या आजोबांच्या नशिबी नव्हते. तेव्हा या दिवाळीत कोणा भाच्याला वा पुतणीला ओवाळणीत पोहण्याचा गॉगल द्यायचा मनात असेल, तर डबा बांधून आणू नका. पोरालाच दुकानात घेऊन जा, आणि काचेचा रंग त्याला पाहू द्या. तुम्ही कड पाहा.